टर्बो आणि सोळा सोमवार

माझा तिसरा सोमवार होता. महाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या कोटिंगच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलाशी बसले होते आणि दारात एक उंच, सावळे गृहस्थ येऊन उभे राहिले. खांद्यावर श्रावणसरीचे थेंब, आणि छातीशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी... तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

"मॅडम, मालक हायत?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"कधी येतील?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला आणि दोन बोटं दाखवली.

ते जरा गडबडले. मग एकदम आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करत, हातवारे करत म्हणाले, "मी – पोलादपूरवरनं – आलोय. हे – गाडीचं – सामान – हाय."

मागे पाटावर बसून बुचं निवडणाऱ्या रंगूबाई फिसकन हसल्या. "अवो, बहिरी नाय ती. मुकी पण नाय. आज सोमवार हाय तिचा."

"सोमवार तर माझा पण हाय," ते म्हणाले. "मी बोलतोय की."

मला हसू आलं. ते मी ओठांतच ठेवलं आणि जॉबकार्डाच्या पाठीवर लिहिलं – 'संध्याकाळच्या पूजेपर्यंत मौन आहे. काम सांगा, मी लिहून उत्तर देते.'

त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि आवाज इतका खाली आणला, जणू देवळात आलेत.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मला तेव्हा सत्ताविसावं सरत होतं. दोन ठिकाणी जमत आलेलं लग्न फिसकटलं होतं, म्हणून आईने सोळा सोमवार धरायला सांगितले. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, मग बिनमिठाचं जेवण. आणि मौन ही आईने घातलेली वरची भर. "तू मोजकंच बोलतेस, पण नको तिथे खरं बोलतेस," असं तिचं म्हणणं. सोळा पुरे झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन. मला या व्रताचं ओझं कधी वाटलं नाही. पहाटे वीरेश्वराला बेल वाहून मी कामाला यायची, आणि दिवसभर मनात एक संथ पाणी असायचं. आजही असतं. माणसाने आठवड्यातला एक दिवस ऐकण्यासाठी ठेवावा, असं मला खरंच वाटतं.

त्या दिवशी मी ऐकलं ते टर्बोबद्दल.

सयाजींनी – हे त्यांचं नाव – टेबलावर टॉवेल उलगडला. आत काळं पडलेलं, गोल वळणाचं लोखंड होतं. मला तर तो शंखच वाटला.

"हा टर्बो," ते म्हणाले. "इंजिनाचा धूर सायलेन्सरमधनं फुकट बाहेर जातो ना, तो जाता जाता ह्या चाकाला ढकलतो. ह्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक हाय, ते फिरतं आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. मिनिटाला लाखाच्या वर फेरे."

'लाख?' मी लिहिलं.

"लाख. खोटं नाय सांगत. सोमवारी तर मुळीच नाय."

मग त्यांनी शंखाच्या तोंडाशी गेलेला बारीक तडा दाखवला. पोलादपूरला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. मूळचे ते वर डोंगरातल्या कुडपणचे. आठ वर्षं मुंबईत शर्यतीच्या गाड्यांवर काम करून परत आले होते. पुण्याच्या एका हौशी साहेबांची गाडी त्यांच्याकडे होती. डिसेंबरात आंबेनळी घाटात चढाईची शर्यत होणार होती. घाटात ही गरम बाजू निखाऱ्यासारखी लाल होई आणि दोन शर्यतींत तडकून जाई. शिवाय सगळी उष्णता बॉनेटखाली पसरली की धुराचा जोर उतरतो आणि टर्बो उशिरा जागा होतो.

"मला ती उष्णता आतच कोंडायची हाय," ते म्हणाले. "तुम्ही केमिकलवाल्यांच्या पंपांना ती पांढरी सिरॅमिकची पूड मारता ना, तापवून? ती ह्याला मारून बघू. टिकली आणि गाडी झटकन उचलली, तर साहेब त्यांच्या सगळ्या मित्रांच्या गाड्या माझ्याकडं देणार हायत. पत्र्याच्या शेडचं मोठं गॅरेज करायचं माझ्या मनात हाय, मॅडम. बघा, होईल का?"

मी बराच वेळ तो तडा बघत राहिले. मग लिहिलं – 'करून बघू. पुढच्या सोमवारी या.'

का ते माहीत नाही... मी मंगळवार लिहू शकले असते.

*

पहिलं कोटिंग फसलं. लोखंडाच्या एका तुकड्यावर थर चढवून मी तो भट्टीत आठशे अंशांना तापवायची, बाहेर काढून थंड करायची, परत तापवायची. कितव्या खेपेला थर सुटतो त्यावरून त्याचं आयुष्य कळतं. चौथ्याच खेपेला पापुद्रे निघाले. सयाजी ते पापुद्रे बोटावर घेऊन बघत बसले. चेहरा इतका उतरला की मला राहवेना. मी भराभरा लिहिलं – 'तापलं की धातू जास्त फुगतो, सिरॅमिक कमी. थेट चिकटवलं तर दोघांचं जमत नाही. मध्ये दोघांना सांभाळणारा एक थर द्यावा लागतो. तो आम्ही दिला नव्हता.'

त्यांनी वाचलं. "म्हणजे मधला माणूस लागतो म्हणा की. लग्न जमवणारा."

मी पेन्सिल खाली ठेवली. रंगूबाई मागून म्हणाल्या, "मधला माणूस मी हाय, पन माझा चहा-पान कोन बघतो?"

पुढच्या सोमवारी त्यांनी रंगूबाईंसाठी पानाचा विडा आणला. माझ्यासाठी काहीच नाही. उपास होता ना. त्यांच्या ते लक्षात राहिलं, याचंच मला अप्रूप वाटलं.

मधला थर दिल्यावर कोटिंग वीस खेपा टिकलं. मग तिसावी, मग चाळिसावी. पांढरा थर जेमतेम पाव मिलिमीटरचा, पण बोटाने वाजवला की मातीच्या भांड्यासारखा बोलायचा. आम्ही एक जुना टर्बो कोट करून दिला. तो घेऊन सयाजी घाटात गेले आणि पुढच्या सोमवारी आले ते दारातूनच सांगत आले.

"पाऊण सेकंद, मॅडम. कापडे गावाच्या पुढं त्या चढाच्या वळणावर पाय दाबला, की पाऊण सेकंद आधी जागा होतोय. आणि खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला तर ठेवता येतोय. आधी भाकरी भाजली असती त्याच्यावर."

'पाऊण सेकंदाने काय होतं?' मी लिहिलं.

"पाऊण सेकंदात लय काय होतं." ते टेबलाच्या कडेला टेकले. "तुम्ही वर बघता आणि परत खाली बघता ना... तेवढ्यात पाऊण सेकंद जातो."

मी खालीच बघत राहिले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

असे आमचे सोमवार. त्यांच्या गॅरेजला सुट्टी सोमवारची. आमच्या कारखान्याची शुक्रवारची. ते बोलायचे, मी लिहायची. जॉबकार्डांच्या पाठी भरून जायच्या.

"मी एक अंदाज बांधलाय," एकदा ते म्हणाले. "तुमच्या आवाजाचा."

'कसा?'

"नीट ट्यून केलेल्या इंजिनासारखा. लांबून ऐकूच येत नाय. जवळ गेलं की कळतं, चालू हाय."

'हे कौतुक आहे का?'

"आमच्यात ह्याच्या वर कौतुक नाय."

'मग एखाद्या मंगळवारी येऊन ऐका.'

त्यांनी चिठ्ठी वाचली, मान तिरकी केली. "मंगळवारी तुम्ही बोलाल. मग माझी पाळी कधी यायची? घरी एकटा, गॅरेजात इंजिनांचा आवाज... माझं पुरतं ऐकून घेणारं माणूस मला आठवड्यातनं एकदाच भेटतं."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्ता चुकले नाही एवढंच. दासगावच्या बाजूने येणारा वारा, खाडीचा ओलसर वास, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे दिवे... सगळं रोजचंच. आणि तरी मी गांधारी नदीच्या पुलावर उगाच थांबले.

तेरावा सोमवार लक्ष्मीपूजनाचा आला. कारखाना बंद. घरात पणत्या, शेजारी फटाके, आईची धावपळ. मी मौनात, उपासात. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं मौन जड झालं. बोलायचं नाही याचं दुःख नव्हतं. ऐकायला कोणी नव्हतं.

*

चौदाव्या सोमवारी रंगूबाईंनी बोलू नये ते बोलून टाकलं.

"आता दोनच ऱ्हायले गो बाय तुझे," त्या मला म्हणाल्या, पण ऐकवलं सयाजींना. "सतराव्याला उद्यापन, आन् त्याच दिशी अलिबागची मानसं येनार. मुलगा बँकेत हाय म्हनं."

सयाजी टर्बोच्या स्क्रूंवर फडका फिरवत होते. फडका थांबला.

"अच्छा," ते म्हणाले. मुंबईची माणसं म्हणतात तसं, कोरडं. मग विचारलं, "तुम्हाला... पसंत हाय?"

मी पेन्सिल उचलली. मला लिहायचं होतं ते एवढं होतं की जॉबकार्डाच्या पाठीवर मावलं नसतं. मी लिहिलं – 'मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.'

खरं होतं ते. पण पुरेसं नव्हतं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि त्या दिवशी आम्ही दोघंही मौन राहिलो.

मग पंधरावा आला.

शर्यतीच्या गाडीचा खरा टर्बो त्या दिवशी तयार होता. इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. कोटिंगच्या आधी लोखंडावर बारीक खड्याचा मारा करून ते खरबरीत करतात. तो खडा तेलाच्या वाटांत जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात लाल सिलिकॉनचं बूच बसवतात. या टर्बोला सहा बुचं होती. काम झालं की रंगूबाई एकेक बूच उपटायच्या आणि मोठ्याने आकडा म्हणायच्या, मी तोच आकडा परत म्हणायची. दोघींचे आकडे जुळले की माल बाहेर. सोमवारी मला म्हणता यायचं नाही, म्हणून मी पेन्सिल टेबलावर वाजवायची. एक बूच, एक टक. ही सोय मीच काढली होती. चौदा आठवडे बिनबोभाट चालली होती.

"येक," रंगूबाई म्हणाल्या. टक.

"दोन." टक.

सयाजी खिडकीपाशी उभे होते. बाहेर ऊन स्वच्छ होतं, सावित्री नदीच्या पलीकडचे डोंगर हाताला लागतील असे जवळ आले होते.

"तीन." टक. "च्यार." टक.

"आज संध्याकाळी चाचणी हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "साहेब पुण्याहून आलेत. पाच ते सहा घाटाचा तुकडा आपल्याला मोकळा मिळालाय, परत मिळायचा नाय. आज गाडी नीट चढली, तर..."

"पाच," रंगूबाई म्हणाल्या. टक.

"...तर उद्या मी तुमच्या घरी यायचं म्हणतो. आईंना भेटायला. अलिबागवाल्यांच्या आधी."

मी वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. माझ्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली... टक. सहावी. रंगूबाईंनी ऐकली, सहाही झाली असं समजून हात पुसले आणि टर्बो टॉवेलात गुंडाळायला घेतला.

तो छातीशी धरून ते गेले. मी दारापर्यंत गेले, एवढंच.

*

साडेचारला बुचांचा ट्रे धुवायला घेतला. ट्रेमध्ये बुचं पाच.

मी टेबलाखाली बघितलं. पाटाखाली बघितलं. कचऱ्याची पेटी उलटी केली. मग खाली बसून टर्बोचा नकाशा काढला आणि बोट फिरवत गेले. बाहेरची चार, तळाचं एक... आणि सहावं, आतल्या आडव्या वाटेत. बाहेरून दिसत नाही ते. तिथूनच दांड्याला तेल मिळतं.

तेल नाही तर काय, ते मला सयाजींनीच शिकवलं होतं. लाख फेरे घेणारा दांडा कोरडा पडला तर मिनिटभरात चिकटतो, चाक फुटतं, गरम लोखंडावर तेल उडतं आणि पेटतं. तेही कापड्याच्या पुढच्या वळणांवर, एका बाजूला दरी.

मी रंगूबाईंसमोर पाच बुचं धरली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मालक बाहेरगावी, फोन ऑफिसात. सयाजींच्या गॅरेजाशेजारी मुरारी म्हणून एकाचं चहाचं हॉटेल होतं, तिथला नंबर कार्डावर होता. मी नंबर फिरवला, आणि रिसीव्हर हातात धरून थांबले.

"दे हिकडं," रंगूबाई म्हणाल्या. "तू नको बोलू. पंधरा झालेत तुझे. मी सांगते." आणि फोनमध्ये ओरडल्या, "हॅलो, कोन? मी रंगू. रंगू रे... अरे, बूच ऱ्हायलं... बूच. आतमदी... कशात म्हंजे? शंखात... अरे, हसतोस काय मेल्या?"

पलीकडे मुरारी खरंच हसत होता. मला इथवर ऐकू येत होतं. "आजी, देवळात लावा फोन," तो म्हणत होता. त्याच्या आवाजामागे गाडीच्या बॉनेटचा धाडकन आवाज आला.

घड्याळात पाचला दहा कमी होते. दिवेलागणीला तास-सव्वा तास.

देवाला मी काय म्हटलं ते सांगत नाही. ते आमच्या दोघांतलं आहे. मी रंगूबाईंच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मुरारीदादा," मी म्हणाले. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "सयाजींना बोलवा. गाडी सुरू करू देऊ नका. जिवाचा प्रश्न आहे."

हसू थांबलं. पावलं धावली. मग धाप लागलेला श्वास आला.

"कोण?"

"सयाजी, गाडी सुरू करू नका. एक बूच आत राहिलंय. तेलाच्या आडव्या वाटेत. माझ्याकडून राहिलं."

पलीकडून नुसती तारेची खरखर.

"ऐकताय ना?"

"आज सोमवार हाय," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही बोलताय."

"हो... किल्ली कुठे आहे?"

"माझ्या हातात." मग, अगदी खालच्या पट्टीत, "अजून थोडं बोला. आता मोडलंच हाय तर."

"नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. रंगूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

*

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. बुचाचं, फोनचं. सयाजी घरी येणार होते, तेही. ती देवापुढे बसून वाती वळत होती.

"पंधरा फुकट गेले," ती म्हणाली.

"माणूस वाचला, आई."

"ते मी ऐकलं." तिने वात ताटलीत ठेवली. "पुन्हा पहिल्यापासून धरायचे. सोळाच्या सोळा. अलिबागला मी कळवते."

अलिबागच्या मंडळींना मार्चपर्यंत थांबायचं नव्हतं. आई दोन दिवस जेवली नाही नीट. तिचं दुःख खरं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, हेही खरं होतं. दोन्हीची मला लाज वाटली.

मंगळवारी दुपारी ते कारखान्यात आले. मंगळवारी... पहिल्यांदाच. मी बोलायला मोकळी होते, आणि तोंडातून शब्द फुटेना.

"आज मंगळवार हाय," त्यांनी आठवण करून दिली.

"माहीत आहे."

"मग?"

"चूक माझी होती," मी म्हणाले. रात्रभर हेच वाक्य घोटलं होतं. "रंगूबाईंची नाही, व्रताचीही नाही. तुम्ही बोलत होता आणि मी मोजायचं सोडून तुमच्याकडे बघितलं. तुमचं काम गेलं माझ्यामुळे."

"साहेब चिडले," ते म्हणाले. "गाडी घेऊन पुण्याला जायला निघाले होते. मी त्यांच्यासमोर टर्बो खोलला. बूच काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मग त्यांनी ते दोनदा उलटं-पालटं करून बघितलं." ते थांबले. "आणि बसवायच्या आधी मी वरनं तेल ओतून बघतो. दर वेळी बघतो. काल नाय बघितलं. मला पण घाई झाली होती... उद्या कुणाच्या घरी जायचं, त्याचाच विचार डोक्यात. तेव्हा चूक निम्मी माझी."

"गाडी चढली नाही," मी म्हणाले. "चढली तर येणार होतात."

"चढली नाय. म्हणून तर घरी नाय आलो. कारखान्यात आलो." त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली. "अंदाज चुकला माझा. तुमच्या आवाजाचा."

"कसा?"

"लांबून पण ऐकू येतो."

मला रडू आलं, आणि हसूही. पाटावर बसलेल्या रंगूबाई उठल्या, "मी जरा पानी बघून येते," म्हणाल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. त्यांनी ते दार त्याआधी कधी ओढलं नव्हतं.

"मी परत सोळा धरतेय," मी सांगितलं. "पुढच्या सोमवारपासून. दिलेला शब्द आहे तो. मागायचं काही..." पुढचं बोलवेना.

"मागायचं काही?"

"मागायचं काही उरलेलं नाही. तरी धरणार."

ते माझ्याकडे बघत राहिले. पाऊण सेकंदाहून पुष्कळ जास्त.

"मग मी पण थांबतो," ते म्हणाले. "सोळा तर सोळा."

शर्यत डिसेंबरात झाली. साहेबांनी गाडी शेवटी सयाजींच्याच हातात ठेवली होती. ती जिंकली नाही, चौथी आली. पण खाली उतरल्यावर टर्बो खोलला तर पांढरा थर होता तसा होता, कुठे पापुद्रा नाही, कुठे तडा नाही. त्या हिवाळ्यात आमच्या टेबलावर पुण्याहून, कोल्हापुराहून टर्बो यायला लागले. पण बुचं मोजायची माझी पद्धत मी बदलली. सोमवारी पेन्सिल नाही. प्रत्येक बूच माझ्या तळहातावर ठेवायचं, आणि सहाही हातात आल्याशिवाय मान वर करायची नाही. कोणी कितीही महत्त्वाचं बोलत असलं तरी.

*

दुसऱ्या खेपेच्या उद्यापनाचा सोमवार मार्चात आला. चवदार तळ्यावर वीस मार्चसाठी मांडव उभे राहत होते, बाहेरगावच्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि त्या गर्दीतून वाट काढत सयाजी त्यांच्या आईला घेऊन आमच्या घरी आले. राहीबाई त्यांचं नाव. कुडपणहून पहाटेच्या निघालेल्या, सोबत नाचणीचं पीठ आणि बाटलीभर मध.

आई त्यांच्याशी नीट बोलली. शेती विचारली, म्हशी विचारल्या. सयाजींना गॅरेजचं विचारलं. पत्र्याची शेड उभी राहत होती. मग तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळली.

"मला काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "पण तुझ्या तोंडून कळू दे. पसंत आहे?"

दिवेलागणीला अजून पाऊण तास होता. मी चुरमा वळत होते. कणीक, तूप, गूळ. त्याचे तीन वाटे करायचे असतात. हात तुपाने माखलेले.

"मान हलव की," आई म्हणाली.

मी हलवली नाही.

"बरं, लिहून दे." तिने पाटी पुढे सरकवली.

मी पाटीकडे बघितलं, आणि ती हलकेच बाजूला ठेवली. हे मला मान हलवून सांगायचं नव्हतं, लिहूनही नव्हतं.

आईला कळेना. राहीबाईंनी मुलाकडे बघितलं. "काय रे, पोरगी नाय म्हनते का काय?"

"थांब जरा, आये," सयाजी म्हणाले. त्यांना कळलं होतं. "दिवा लागू दे."

आणि मग आम्ही चौघं थांबलो. खिडकीतून तळ्याकडच्या मांडवाच्या खिळ्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. ऊन भिंतीवरून वर सरकलं, छताला लागलं, विझलं. सयाजींनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मी बघत होते ना.

मी हात धुतले. दिवा लावला, बेल वाहिला, आरती केली, नमस्कार केला. चुरम्याचा पहिला वाटा देवासाठी काढून ठेवला. मग वळले.

"मला पसंत आहे," मी म्हणाले, आईला. आणि त्यांना – "माझे सोमवार पुढेही असेच राहतील. चालेल तुम्हाला?"

"सहा दिवस पुरतील मला," ते म्हणाले.

आईने डोळ्यांना पदर लावला. राहीबाईंनी मोठा सुस्कारा टाकला आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागल्या.

"झालं ना ठरलं? मग आता कुनीतरी चहा टाका गो. पाऊन तास मी बोलले नाय... जल्मात एवढी गप बसलेली नाय मी."